रुखमाई : वऱ्हाडच्या लेकीचे नाव

(देवळाच्या जीर्णोद्धार समारंभात सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कळस चढला, फरशी बसली, गाभाऱ्याला नवे दार लागले. देवाविषयी कीर्तनकार महाराजांनी सकाळी सांगितलेच आहे, ते पुन्हा सांगण्याचा अधिकार येथे कोणाचा नाही. आजचा विषय लहान आहे. विठ्ठलाच्या डाव्या हाताला जी उभी आहे तिच्या नावाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. देवीचा महिमा सांगणारे पुष्कळ आहेत. पण ते नाव आपल्या घराघरांत कसे आले, किती बायांनी ते वागवले, आणि आता ते कोठे चालले आहे, याची विचारपूस सहसा होत नाही.

आपल्या मालेगावात किंवा मेडशी, शिरपूर, जऊळका, किन्हीराजा यांपैकी कोणत्याही गावात जुन्या वस्तीत उभे राहून "रुखमामाय" अशी हाक मारावी. निदान दोन दारांतून "काय व?" असे उत्तर येईल. सत्तरी ओलांडलेल्या बायांत हे नाव अजून भरपूर आहे. कोणी रुखमा, कोणी रखमा, कोणी रुख्मीन, कोणी रुखमाबाई. शाळेच्या पटावर मात्र आज ते शोधावे लागते. एका नावाच्या बाबतीत दोन पिढ्यांत एवढा फरक पडला.

आधी अर्थ पाहू. 'रुक्म' म्हणजे सोने. संस्कृतात 'रुच्' या धातूचा अर्थ चमकणे, शोभणे असा आहे. रुची, रुचिर, रोचक हे आपले रोजचे शब्द त्याच घरचे. जे चमकते ते रुक्म, आणि सोन्याने जी शोभते ती रुक्मिणी. तिच्या माहेरी या सोन्याचा भारीच सोस दिसतो. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याला पाच मुलगे : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश आणि रुक्ममाली. सहावी ही मुलगी. पाचांची नावे आज आठवून सांगावी लागतात, सहावीचे मात्र पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. बापाच्या नावावरून तिला भैष्मी म्हणतात आणि देशाच्या नावावरून वैदर्भी. वैदर्भी म्हणजे आपल्या इकडची. तसे पाहिले तर नळराजाची दमयंती इकडचीच, अगस्तीची लोपामुद्रा इकडचीच, आणि रामाची आजी इंदुमती हीही इकडचीच. जुन्या ग्रंथांनी विदर्भाच्या लेकींची बरीच नोंद घेतली आहे. पण इंदुमती नाव घरोघर झाले नाही आणि लोपामुद्रा तर नाहीच नाही. घरोघर गेली ती रुखमा.

मराठीत आल्यावर त्या नावाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. 'क्म' हे जोडाक्षर आपल्या जिभेला अवघड. म्हणून 'ख' आला, रुखमिणी झाली. पुढची 'णी' गळाली, रुखमा, रखमा, रखुमा झाली. त्याला आई जोडली, रखुमाई झाली. पंडित मंडळी अशा नावाला अपभ्रंश म्हणतील. परंतु विठ्ठलाचा विठू आणि ज्ञानेश्वराचा ज्ञानोबा जसा झाला, तशीच ही रखुमाई झाली. जे नाव दिवसातून पन्नास वेळा घ्यायचे ते माणूस आपल्या जिभेप्रमाणे घडवतोच.

तिचे माहेर कुंडिनपूर, म्हणजे आजचे कौंडिण्यपूर. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. तेथे उत्खनन झाले असून डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध केला. गाव फार प्राचीन, यात शंका नाही. तेथे अंबिकेचे देऊळ आहे आणि रुक्मिणीहरण तेथूनच झाले असे तेथील लोक सांगतात. अमरावतीकर म्हणतात की नाही, ते आमच्या अंबादेवीच्या देवळातून झाले. हा वाद मिटवणे आपले काम नाही. दोन गावे एका मुलीवरून भांडत आहेत यात मुलीचा मानच आहे. कौंडिण्यपूरहून रुखमाईची पालखी पंढरपूरला जाते ती १५९४ सालापासून, सदाराम महाराजांनी सुरू केलेली. आपल्या तालुक्यातून मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर करत रिसोडकडे जाते ती शेगावच्या गजानन महाराजांची पालखी. तिला आपण पाणी, चहा, पिठलं-भाकर घेऊन सामोरे जातो. पण पंढरीला कौंडिण्यपूरच्या पालखीचे मोल वेगळे आहे, कारण ती रुखमाईच्या माहेरची. वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, आणि आपल्या मुलखाचे नावही वऱ्हाडच. रुखमाईच्या लग्नाला आलेले वऱ्हाड परत गेलेच नाही, येथेच राहिले, असे जुनी माणसे गमतीने सांगत. त्यातले खरे किती हे विचारू नये, पण गंमत चांगली आहे.

लग्नाची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी तिच्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. बापाच्या मनात कृष्णाला मुलगी द्यावी असे होते. थोरला भाऊ रुक्मी आडवा आला. त्याने चेदीच्या शिशुपालाशी सोयरीक ठरवली, मुहूर्त काढला, पाहुणे आले. मुलीला कोणी विचारले नाही. तेव्हा या मुलीने काय केले? रडत बसली नाही, विहीर जवळ केली नाही. तिने एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला. भागवताच्या दहाव्या स्कंधात, बावन्नाव्या अध्यायात तो सात श्लोकांत आहे. कचेरीत वर्षानुवर्षे अर्ज पाहणाऱ्या माणसाने तो एकदा वाचावा. आपण कोणाला व का वरले ते त्यात आहे. विलंब झाल्यास काय होईल ते आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर जाण्याची रीत आहे, तेव्हा तेथे यावे, म्हणजे वाड्यात शिरून नातेवाइकांचा जीव घ्यावा लागणार नाही, ही वेळ-जागेची सोयही आहे. वाचणाऱ्याला एकही शंका उरत नाही. आजकालचे कित्येक अर्ज चार पाने असतात आणि मागणी काय ते शेवटपर्यंत कळत नाही.

पुढे पाठलाग झाला, रुक्मी हरला, कृष्णाने तलवार उपसली. तेव्हा रुक्मिणीने भावाच्या जिवासाठी पाय धरले. ज्याने तिला विचारले नाही त्याच्याचसाठी. कृष्णाने त्याचे केस आणि मिशा भादरून सोडून दिले. बहिणीला सोडवल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. ती मोडली म्हणून तो घरी परतलाच नाही, भोजकट नावाचे नवे गाव वसवून राहिला. अमरावतीजवळचे भातकुली तेच, असे मानतात.

या लग्नाने मराठी भाषेलाही बरेच दिले. महानुभाव पंथातील महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. तिचे धवळे म्हणजे लग्नातली गाणी, आणि ते लग्न रुक्मिणीचे. ती गायली गेली रिद्धपूरला, म्हणजे पुन्हा अमरावती जिल्ह्यातच. म्हणजे मराठी बाईने रचलेले जुन्यात जुने काव्य वऱ्हाडच्या मुलीच्या लग्नाचे आहे आणि वऱ्हाडात रचलेले आहे. पुढे त्याच पंथाच्या नरेंद्र कवीने रुक्मिणीस्वयंवर रचले. रामदेवराव यादवाने ते आपल्या नावावर करून मागितले आणि ओवीमागे सोन्याचे नाणे देऊ केले, पण कवीने ते नाकारले, अशी हकिकत सांगतात. आणि १५७१ साली काशीमध्ये एकनाथ महाराजांनी आपले रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केले. मुलीचे लग्न जुळत नसेल तर या पोथीचे पारायण करावे, ही रीत आपल्या घरोघर अजून आहे. त्या पोथीपुढे बसलेल्या किती मुलींनी मनात एखादा निरोप धाडला असेल, त्याची नोंद कोणत्याही पोथीत नाही.

संतांच्या घरीही हे नाव पुष्कळ. ज्ञानेश्वर माउलींची आई रुक्मिणीबाई. एकनाथ महाराजांच्या आईचे नावही रुक्मिणी. तुकाराम महाराजांची पहिली बायको रखुमाबाई, ती दुष्काळात अन्नावाचून गेली. सोन्याचे नाव आणि पोटाला अन्न नाही. आपल्याकडच्या पुष्कळ रुखमाबाईंनाही हा अनुभव आहे, त्यांना तो निराळा सांगायला नको.

सोन्यावरून तुळाभाराची गोष्ट आठवते. सत्यभामेने पारड्यात दागिन्यांचा ढीग घातला तरी देव जागचा हलेना. शेवटी रुक्मिणीने तुळशीचे एक पान ठेवले आणि पारडे खाली आले. जिच्या नावात सोने, तिने सोने लावलेच नाही.

आणखी एक गोष्ट. पंढरपुरात रुखमाईचे देऊळ वेगळे आहे. ती रुसून दिंडीरवनात गेली, तिला शोधत देव आला, पुंडलिकाने विटेवर उभा केला तो तसाच राहिला, अशी कथा. द्वारकेलाही तिचे देऊळ गावाबाहेर निराळेच आहे. म्हणजे मोठ्या क्षेत्रांच्या ठिकाणी ही दोघे शेजारी नाहीत. लहान गावांतून मात्र दोघांना एकाच चौथऱ्यावर उभे केले आहे. आपल्या वाडवडिलांना शास्त्र किती कळत होते कोणास ठाऊक, संसार कळत होता.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

हे नाव एवढे पसरले कसे? देवीचे नाव म्हणून बारशाला ठेवले, हे एक कारण. पण दुसरे कारण त्याहून मोठे आहे आणि ते लग्नात आहे. आपल्याकडे सून घरात आली की ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहीत. नवऱ्याचे नाव विठोबा, विठ्ठल, पांडुरंग, पुंडलिक असे काही असले की सून बहुधा रुखमा ठरलेली. तिला काय वाटते हे विचारण्याची पद्धत नव्हती. सासूने लिहिले, जावांनी वाचले, पेढे वाटले. आदल्या दिवशीपर्यंत जी यमुना, गोदा, काशी किंवा चंद्रभागा होती, ती तांदळातून रुखमा होऊन उठली. अशा रीतीने एका पिढीत रुखमाबाईंची संख्या दुप्पट झाली असल्यास नवल नाही. आणि दर वेळी एक नाव पुसले गेले तेही खरे.

पुसले गेले तर गेले, काय बिघडले, असे कोणी म्हणेल. काय बिघडते ते कचेरीत दिसते. काही वर्षांपूर्वीचे एक प्रकरण येथे नमूद करतो तो प्रघातच समजावा. गावाचे व आडनावाचे कारण नाही.

एक आजी. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. नवरा विठोबा, तो वारलेला. सातबाऱ्यावर तिचे नाव रुखमाबाई. रेशनकार्डावर रुख्मिनी. मतदार यादीत रुकमाबाई. आधार कार्डावर आणखी तिसरेच काही, यंत्रावरच्या पोराला जसे ऐकू आले तसे. निराधार पगाराच्या अर्जाला ही कागदे जोडली तेव्हा चार कागदांवर चार बाया निघाल्या. हे एक वेळ प्रतिज्ञापत्रावर भागले असते. पण त्याच वर्षी तिच्या माहेरी फेरफाराचे काम निघाले. बापाचे वावर बापाच्याच नावावर पडून होते आणि वारसांची नावे लागायची होती. वारसांच्या यादीत एक मुलगा आणि एक मुलगी, मुलीचे नाव गोदावरी. आजीने जाऊन सांगितले की ती गोदावरी मीच. कागद म्हणाले, तुम्ही तर रुखमाबाई.

पुरावा कोठून आणायचा? शाळेत ती गेली नाही, म्हणून दाखला नाही. लग्नपत्रिका छापली नव्हती. आपल्याकडे जुन्या जन्माची नोंद कोतवाल बुकात असते. जातीच्या दाखल्यासाठी अलीकडे त्या बुकाच्या नकला काढायला जी गर्दी असते ती सर्वांनी पाहिली आहे. ते बुक काढले. बापाचे नाव आहे, तारीख आहे, आणि पुढे एवढेच : मुलगी झाली. नाव नाही. नाव कसे असणार? कोतवालाने वर्दी दिली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बारसे झाले बाराव्या दिवशी. बारशानंतर परत जाऊन मुलीचे नाव लिहून घ्यावे असे कोणाला वाटले नाही. जुन्या बुकांत अशा कितीतरी मुली बिननावाच्या पडून आहेत.

आजी टेबलासमोर खाली बसली. लुगड्याच्या पदराने तोंड पुसले आणि कारकुनाला म्हणाली, "बाप्पा, मायनं गोदा म्हनलं, त्याले म्या ओ देल्ली. सासूनं रुखमा म्हनलं, त्यालेही ओ देल्ली. आता तुमीच सांगा, मी कोन हावो?"

याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. सांगितले ते एवढेच, की तुम्हाला गोदा म्हणून ओळखणारा कोणी हयात असेल तर त्याचा जबाब घेता येईल. ओळखणारे बहुतेक वर गेलेले. राहिला होता धाकटा भाऊ. आता जाणत्या माणसाला येथे अडचण दिसेल. भावाचाच तर हिस्सा कमी व्हायचा होता. तो नुसता गप्प बसला असता तरी वावर सगळे त्याचे. कोणी त्याला दोषही दिला नसता, कारण बहुतेक भाऊ गप्पच बसतात.

तो पुढच्या बाजारच्या दिवशी आला. धोतर, टोपी, हातात छत्री. पोलीस पाटलांना बरोबर घेऊन आला. जबाब दिला की रुखमाबाई ही माझी सख्खी बहीण, तिचे लग्नापूर्वीचे नाव गोदावरी, लहानपणी तिने मला कडेवर वागवले आहे. सही केली. सही करून झाल्यावर कारकुनाला म्हणाला, "साहेब, कडेवर वागवलं हे लिवलं ना?" ते जबाबात लिहिण्याची गरज नव्हती. तरी लिहिले.

नोंद मंजूर झाली. आजीने वाटा मागितला नाही. भावाला म्हणाली, "भाऊ, वावर तूच वाह. पन बापाच्या कागदावर माहं नाव राहू दे." हक्कसोडपत्राचा कागद कोणीतरी आणून ठेवला होता, तो तिने हाताने बाजूला सारला. सातबाऱ्यावर आता नाव आहे : गोदावरी ऊर्फ रुखमाबाई. निराधार पगारही त्यानंतर त्याच 'ऊर्फ'च्या आधाराने सुरू झाला. 'ऊर्फ' हा शब्द आपण चोर-दरोडेखोरांच्या नावापुढे वाचतो, म्हणून तो हलका वाटतो. या ठिकाणी त्या एका शब्दात बाईचे माहेर आणि सासर दोन्ही मावले.

नाव बदलण्याची रीत केवळ खेड्यातली नव्हती. पहिल्या हिंदू स्त्री डॉक्टरांपैकी आनंदीबाई जोशी १८६५ साली कल्याणला जन्मल्या तेव्हा त्यांचे नाव यमुना होते, लग्नात आनंदी झाले. त्यांच्याच बरोबरीची, १८६४ सालची, मुंबईची एक मुलगी मात्र सासरी गेलीच नाही. तिचे नाव रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचे लग्न लावून दिले होते. ती सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकली, आणि मोठी झाल्यावर म्हणाली की हे लग्न माझ्या संमतीने झाले नाही, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. मग अपील झाले, आणि १८८७ साली हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. सगळ्या देशात आणि विलायतेत गवगवा झाला. वर्तमानपत्रात नाव न घालता 'एक हिंदू स्त्री' या सहीने तिने लिहिलेली पत्रे लोकांनी आधीच वाचली होती. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे तिने लंडनला जाऊन डॉक्टरकी केली, आणि सुरत व राजकोट येथे बायांच्या दवाखान्यांत अनेक वर्षे काम केले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे या खटल्याचा मोठा वाटा होता. १९५५ साली ती वारली.

कुंडिनपूरच्या रुक्मिणीने पत्र लिहिले ते नवरा मिळवण्यासाठी, मुंबईच्या रखमाबाईने पत्रे लिहिली ती नवरा नाकारण्यासाठी. त्या काळी पुष्कळ लोकांना यातली एक देवी आणि दुसरी बिघडलेली वाटली. दोघींचे म्हणणे एकच होते, की आम्हाला विचारा. हे ज्यांच्या लक्षात आले ते त्या वेळी थोडे होते.

कायद्यात आता बरेच बदल झाले आहेत आणि ते येथे सांगणे उपयोगाचे आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि सबंध देशाला तो २००५ साली लागू झाला. नवऱ्याने आपल्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावावे यासाठी शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ सालची आहे. आपल्या तालुक्यात तिचा फायदा घेतलेली घरे किती, हे प्रत्येकाने आपापला सातबारा उघडून पाहावे. आणि अगदी अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, शासनाने ठरवले की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावात आधी त्याचे स्वतःचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव यावे. लग्न झालेल्या बाईला मिळकतीच्या कागदावर लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही त्याच निर्णयात आहे. म्हणजे आज ती गोदा आली असती तर तिला 'मी कोन हावो' असे विचारावे लागले नसते. निदान कागदाचा आधार असता. पण आईचे नाव लिहायचे तर ते एकच आणि नीट पाहिजे. दवाखान्यात एक, आधारवर दुसरे, लग्नात तिसरे असे केले तर लेकराच्या दाखल्यावरही चूक उतरेल आणि ती सोडवायला ते लेकरू चाळिशीत कचेरीची पायरी चढेल.

रुखमा हे नाव आता मुलींना का ठेवत नाहीत? 'जुने वाटते' हे एक उत्तर. दूरदर्शन आले, सिनेमा आला, तीन अक्षरी, दोन अक्षरी, हलकी-फुलकी नावे आली. ती वाईट नाहीत. रुखमाच्या नाती आज स्वरा आहेत, आरोही आहेत, आणि चांगल्या शिकत आहेत. आजीने नातीला आपले नाव दिले नाही याचे कारण कदाचित आजीलाच ठाऊक. त्या नावाबरोबर जे वागवावे लागले ते तिला पुढे द्यायचे नसेल. नाव मात्र सगळीकडून गेले असे नाही. दक्षिणेत ते चांगले चालू आहे. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या आणि १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र काढणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव तिकडे आदराने घेतात. आजच्या कानडी सिनेमातही रुक्मिणी नावाची नामांकित नटी आहे, आणि तिला ते जुनाट वाटल्याचे दिसत नाही.

गुजरातेत पोरबंदरकडे माधवपूर म्हणून गाव आहे. तेथे चैत्रात रामनवमीपासून कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते. पार ईशान्येला अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी लोक म्हणतात की रुक्मिणी आमची, भीष्मकाची राजधानी आमच्याकडचे भीष्मकनगर. कृष्णाने रुक्मीचे केस कापले म्हणून आम्ही केस तसे कापतो, असेही तिकडे सांगतात. आणि समुद्रापलीकडे जावा बेटावर, जेथे आज बहुतेक लोक मुसलमान आहेत, तेथेही हे नाव आहे. स्त्रीशिक्षणासाठी झटणारी कार्तिनी ही तिकडे फार मान्यता पावलेली बाई. १९०३ साली तिने जेपारा गावी मुलींची शाळा काढली, तेव्हा तिच्या मदतीला जी बहीण होती तिचे नाव रुक्मिणी. बाराव्या शतकातच तिकडच्या पानुलुह नावाच्या कवीने आपल्या रुक्मिणीच्या हरणावर काव्य रचले होते. कौंडिण्यपूरच्या मुलीने एवढा प्रवास केला आणि आपल्याला पंढरपूरच्या पलीकडचा पत्ता नव्हता.

अमरावती आणि कौंडिण्यपूर यांचा वाद आहेच, त्यात हे अरुणाचलवालेही आले. येऊ द्यावे.

आता शेवटचा, पण आजच्या कामाचा मुद्दा. देणगीदारांची यादी या पुस्तिकेत छापली जात आहे आणि तीच पुढे शिळेवर कोरायची आहे. पावतीपुस्तके तपासताना असे दिसले की पुष्कळ ठिकाणी पैसा बाईच्या हातून आला आहे. कोणी बचत गटातले दिले, कोणी सोंगणीच्या मजुरीतले, एकीने कोंबड्या विकून आलेले. पावती मात्र नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने फाडली गेली. काही ठिकाणी तर 'अमुक यांच्या आई' एवढेच. कोतवाल बुकातल्या 'मुलगी झाली' या नोंदीत आणि यात फार अंतर नाही. तेव्हा ज्या माउलीच्या हाताने पैसा आला, तिचेच नाव यादीत येणे रास्त आहे. विधवा असो, परित्यक्ता असो, तिचे नाव पूर्ण लिहिले जावे. लग्नापूर्वीचे नाव घालावयाचे असल्यास 'ऊर्फ' लावून तेही घालता येईल. शिळेवर दोन शब्द जास्त कोरायला कारागीर काय घेईल ते घेईल.

पारावर, पायरीच्या डाव्या बाजूला, एक वही आणि पेन दोरीने बांधून ठेवले आहे. येत्या एकादशीपर्यंत ती वही तेथेच राहील. ज्यांना लिहिता येते त्यांनी स्वतः लिहावे. ज्यांना येत नाही त्यांनी नातवाकडून, पण आपल्या तोंडाने अक्षर सांगून लिहवून घ्यावे, आणि नातवाने लिहिले ते त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. रुखमाबाईंनी विशेष लक्ष द्यावे, कारण काल संध्याकाळपर्यंत त्या वहीत सात रुखमाबाई झाल्या असून सातांचे अक्षर सात तऱ्हेचे आहे.